तुलनेची गल्ली

स्पिरिटचा बोळा तिनं पिंपाच्या तोटीभोवती फिरवला, थोडं पाणी बादलीत वाहू दिलं आणि मगच बाटलीचं झाकण उघडलं. झाकण खाली ठेवायचं नाही, करंगळीत अडकवून धरायचं. बाटलीच्या तोंडाला बोट लागू द्यायचं नाही. पाणी खुणेपर्यंत चढलं की लगेच बंद.

"इतकं जपून तर आमच्या ह्यांनी लग्नात माझा हातसुद्धा धरला नव्हता," मशीनवरून मान वर न करता मावशी म्हणाल्या.

"आणि हात निसटला असता तर?"

"सुटलो, म्हणाले असते!"

ती हसली आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवली. गल्लीत तिला सगळे पाणीवाली म्हणत. सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष लागण्याआधी उन्हाळाभर परदेशात प्रत्यक्ष काम करायचं, हा तिच्या विद्यापीठाचा नियम. म्हणून वाटेत विमान बदलून ती या शहरात आली होती. इथली भाषा वर्गात बसून शिकलेली, त्यामुळे बोलायची छापील. बायका तिला मुद्दाम बोलतं करायच्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. मावशींनी मात्र पहिल्याच भेटीत तिला स्टूल पुसून दिलं होतं. शिवणकामावर घर चालवणाऱ्या एकट्या बाई. लेक-जावई लांबच्या कारखान्यात, नात आजीजवळ.

ती नात, भिंगरी, आज कापडांच्या गठ्ठ्यावर मुटकुळं करून पडली होती. एरवी एका जागी ठरेल तर शपथ.

"पुन्हा?" पाणीवालीनं विचारलं.

"पुन्हा. पोटात काही ठरत नाही. दवाखान्यातल्या पुड्यांवर तग धरून आहे. बरी होते, जरा नाचते, की परत आडवी. कुणाची दृष्ट लागली म्हणावं, तर दृष्ट लागण्याजोगं पोरीच्या अंगावर उरलंय काय?"

पाणीवालीनं ठरलेले प्रश्न विचारायला घेतले. पाणी कशात साठवता, कोण भरतं, किती जण पितात. पाणी कसं वापरता हे विचारायचं होतं. कसं वापरावं हे सांगायचं नव्हतं. ती काम करत होती त्या प्रकल्पानं वस्तीतल्या निम्म्या गल्ल्यांना घरोघरी फिल्टर दिले होते. उरलेल्या निम्म्या तुलनेच्या. तुलनेच्या गल्लीत पाण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. नमुना घ्यायचा, आजाराची चौकशी करायची, कुणी आजारी असेल तर दवाखान्यात पाठवायचं. उन्हाळा सरला की त्यांनाही फिल्टर मिळणारच होते. तोवर जसं चाललंय तसं चालू द्यायचं, नाहीतर फरक फिल्टरनं पडला की आणखी कशानं, हे कळायचं कसं? तिला हे पटलेलं होतं. परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर तिनं फार छान लिहिलं होतं.

"आजी, पाणी," भिंगरी म्हणाली.

मावशी उठल्या आणि त्यांनी तोटीखाली पेला धरला.

पाणीवालीनं आधी दाराकडे पाहिलं. मग पेटीचा पट्टा ओढत, पट्ट्याशीच बोलावं तशी म्हणाली, "मावशी, तिला उकळून देत जा. गार करून. नळाचं तसंच नको."

मावशींचा हात थांबला. "पाणी तर आरशासारखं दिसतं."

"दिसतं."

एवढंच बोलून ती पेटी उचलून बाहेर पडली. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिला मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

पुढच्या खेपेला दार भिंगरीनं उघडलं. त्याच्या पुढच्या खेपेला ती दारात सापडलीच नाही. समोरच्या जिन्यावर उड्या मारत होती. मावशींनी फक्त शेगडीकडे हनुवटी केली. झाकण ठेवलेलं पातेलं तिथं निवत होतं; निवलं की ते पिंपात ओतलं जायचं. पाणीवालीनं नमुना घेतला, प्रश्न विचारले आणि 'पाण्यावर काही प्रक्रिया करता का' या प्रश्नाशी येऊन अडखळली. मावशींनी तिच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही, लिही." तिनं लिहिलं.

त्या रविवारी आईचा फोन आला.

"काल बुवांनी कीर्तनात काय रंगवून सांगितलं गं! तहानलेल्याच्या ओठाला पाणी लावतो, त्याच्या दारात देव आपण होऊन उभा राहतो म्हणे. मला तुझीच आठवण. शेजारी बसलेल्या बायकांना सांगून टाकलं, माझी लेक परमुलखात जाऊन तेच करते."

"मी पाणी पाजत नाही गं आई. मी नुसती तपासते."

"एकूण एकच. जेवलीस का?"

ती जेवली होती. पण नाही म्हणाली, म्हणजे विषय जेवणाकडे वळला.

प्रकल्पाची प्रयोगशाळा म्हणजे दवाखान्याच्या मागची एक खोली. तिथं काचेच्या थाळ्यांत पाण्यातले जंतू वाढवून मोजत. प्रकल्पप्रमुख मॅडमनी तुलनेच्या गल्लीच्या थाळ्या दिव्याखाली ओळीनं मांडल्या होत्या. सगळ्यांवर पिवळे ठिपके, मोहरी सांडावी तसे. एक थाळी कोरी.

"शिवणवाल्या बाईंचं घर," मॅडम म्हणाल्या. "मागच्या वेळीही असंच. तिथं कुणी पाण्याबद्दल काही बोललंय का?"

पाणीवालीनं हातमोजा काढला, उलटा झाला होता तो सुलटा केला. "माझ्या माहितीत नाही."

"बोललं असेल तर ते घर अभ्यासातून गाळावं लागेल. आणि बोलणारा आपल्यातला असेल तर त्यालाही." मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. दवाखान्यात रात्रपाळीच्या नर्सना स्वतः चहा करून देत. "तुला वाटतं, मला तोंड उघडावंसं वाटत नाही? पोटची दोन वाढवलीत मी. पण या थाळ्या अधिकाऱ्यांच्या पुढ्यात आपटल्याशिवाय इथले जुने नळ कुणी बदलणार नाही. एका घरावर दया करायची आणि हजार घरं तशीच ठेवायची, हे मला जमत नाही. उद्या मीच येते तुझ्याबरोबर."

प्रकल्पातून घालवलं तर काय, याचा हिशोब तिच्या डोक्यात आपोआप झाला. वर्ष वाया. वडिलांना तोंड दाखवायचं कसं. तिला तेव्हाच सांगता आलं असतं. मॅडमनी चष्मा परत लावला आणि ती वेळ गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम त्या पुसून दिलेल्या स्टुलावर बसल्या. मावशींनी मशीन थांबवलं नाही, फक्त सावकाश केलं.

"पाण्याबद्दल तुम्हाला कुणी काही सांगितलं का हो? उकळा, गाळा, काहीही?"

मावशी सुईत दोरा ओवताना करतात तसा एक डोळा बारीक करून मॅडमकडे पाहत राहिल्या. मग त्यांची नजर पाणीवालीवर आली. पाणीवाली भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातातला पेटीचा पट्टा मुठीत गोळा झाला होता. खरं म्हणजे त्याच घटकेला ती बोलणार होती. निदान पुढं कितीतरी वेळ ती स्वतःला हेच सांगत राहिली.

"छे," मावशी म्हणाल्या. "कोण सांगतंय आम्हाला? ही पोरगी तर येते, बाटली भरते, जाते. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी."

"मग मध्ये पाणी उकळत होतात का?"

"पोरगी आजारी होती तेव्हा उकळलं असेल थोडं. आमची आई करायची तसं. नको होतं का?"

"तसं नाही," मॅडम जरा अवघडल्या. "पण नेहमी करता तसंच करा. मुद्दाम काही बदलू नका."

"नाही बदलणार," मावशी म्हणाल्या.

जिना उतरताना मॅडमनी पाणीवालीच्या खांद्यावर हात ठेवला. "उगाच शंका घेतली तुझ्यावर. मनात ठेवू नकोस." तो हात तिला अंगणापर्यंत पुरला. इतका जड हात तिनं आजवर कुणाचा अनुभवला नव्हता.

पुढचा नमुना तिनं घेतला तेव्हा शेगडीवर पातेलं नव्हतं. तिनं ते पाहिलं. भांडं घासायला गेलं असेल, असं म्हणून नजर काढून घेतली. काही विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं. मावशींनी नेहमीसारखी थट्टा केली, तिनं नेहमीसारखं हसून दाखवलं आणि पेटी घेऊन लगबगीनं निघाली.

थाळ्या तयार झाल्या त्या दिवशी मॅडमनी तिला हाक मारून बोलावलं. "बघ! बाईंची थाळी इतरांसारखीच. म्हणजे आधीचं ते आजारपणातलंच होतं. घर गाळायची गरज नाही."

पिवळे ठिपके. मोजायला वेळ लागेल इतके. तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं. आणि ते वाटून संपायच्या आतच तिला पातेलं नसलेली शेगडी आठवली. तिनं थाळी खाली ठेवली, अंगातला पांढरा कोट खुंटीला न लावता खुर्चीवर टाकला आणि त्या गल्लीला जायचा दिवस नसताना निघाली.

मशीन चालू होतं. गठ्ठ्यावर भिंगरी, गुडघे पोटाशी, ओठ सुकलेले.

"अगं, आज कशी तू? आज तुझा वार नाही," मावशी उठल्या. "ऊन काय लागलंय तुला! चेहरा बघ, लाल झालाय. बस, बस. आधी पाणी पी."

त्या आत गेल्या. परत आल्या त्या ताटलीत पेला घेऊन. पेल्यावर झाकण होतं. पेला हाताला किंचित कोमट लागत होता.

"घे, बिनघोर पी. उकळलेलं आहे."

पाणीवालीनं पेला ओठांपासून लांब धरला. "म्हणजे उकळताय तुम्ही?"

"तुझ्यापुरतं गं. रोज सकाळी एक पेला करून झाकून ठेवते. तू अधेमधे कधी आलीस तर? परक्या मुलखातली पोर, आमचं पाणी बाधलं तर तुझ्या आईला काय सांगू?"

"आणि भिंगरीला?"

"तिला पिंपातलं." मावशींनी आवाज खाली आणला, जणू मॅडम दाराआड होत्या. "तुझी परीक्षा आहे ना ती? त्या दिवशी तुझा चेहरा बघितला मी. शिक्षिकेसमोर चोरी पकडलेल्या पोरासारखा. म्हटलं, आमच्या घरापायी हिचं वर्ष बुडायला नको. पाणी आम्ही जन्मभर हेच पीत आलोय. थोडे दिवस काढेल भिंगरी. आजीसारखीच चिवट आहे कार्टी. तुझं काम झालं की मग उकळूच की."

मशीनवर अर्धी शिवलेली बाही लोंबत होती. बाहेर कुणीतरी कुणाला तरी जिन्यावरून हाका मारत होतं. पाणीवाली गठ्ठ्यापाशी गुडघ्यावर बसली. भिंगरीच्या मानेखाली हात घालून तिनं तिला उचललं आणि पेला तिच्या ओठांना लावला. भिंगरी प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी पाणीवालीच्या मनगटावर आलं.

"अगं, ते तुझं होतं," मावशी म्हणाल्या.

तिनं रिकामा पेला खाली ठेवला. भिंगरीला मांडीवर तसंच धरून एका हातानं खिशातला फोन काढला आणि मॅडमचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली.

"कुणाला करतेस? मॅडमना? अगं वेडे, ठेव तो! तुझी परीक्षा!" मावशींनी हात पुढे केला.

"मावशी," ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, "उकळायला ठेवा. मोठं पातेलं घ्या."

पलीकडून मॅडमचा आवाज आला. "हं, बोल."