पहिला चीक वाटल्यावर

रेघ खाली.

नेत्राने छोट्या दुर्बिणीसारखं यंत्र पुन्हा उजेडाकडे धरलं. काचेवर वासराच्या रक्तातलं पिवळट पाणी, एकच थेंब. रेघ हवी तिथून बरीच खाली.

वासरू मलूल, म्हणून प्रेमाने तिला, गुरांच्या डॉक्टरला, बोलावलं होतं.

"प्रेमाताई, चीक कधी पाजलात?"

"काल सांजेक. पोटभर पियाला."

"आणि काल सकाळचा? व्याल्याबरोबरचा, पहिला?"

पहिला.

पहिला देवळात गेला. मग चाळीत, वाटी वाटी. घाटकोपरच्या देवळाबाहेर प्रेमा गाय घेऊन बसते. लोक तिच्याकडूनच चारा घेतात आणि गाईला घालतात. गाय व्याली की खरवसावर त्यांचा हक्क. सासूही तेच करायची.

"वाटलंय. रीत आसा ती."

"वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायची ताकद नसते. ती पहिल्या चिकातून मिळते, तीही पहिल्या काही तासांतच. नंतर आतडं ती आत घेत नाही."

"मगे आता पाजून?"

"रक्तात जाणार नाही. पोटातल्या जंतूंना थोडं अडवेल, तेवढंच."

प्रेमाने पदर खोचला. "आता रडान काय होतला? दुसरा काय ता सांग."

दुसरं: आईचं रक्त, त्यात ती ताकद असते. गाईच्या मानेतून काढायचं, वासराच्या शिरेत हळूहळू सोडायचं. धोका आहेच. आणि गाय उधळली तर—

"उधळूक मी दिईन तेव्हा ना!"

गाईची मान तिच्या काखेत. सुई. गाय थरथरली.

"उभी रव गो बाय. तुझ्याच चेडवासाठी, ह्या वासरासाठी."

पिशवी भरली. नळी वासराला. थेंब. थेंब.

फाटकात शेजारची कुंदा, हातात स्टीलचा डबा.

"प्रेमा, माझा खरवस राहिला ना गं!"

"गावचो नाय, आता कोणाकच मिळाचो नाय."

"अख्ख्या चाळीला दिलास, मीच काय घोडं मारलं?"

"चाळीक दिलंय ती माझी चूक. उरलेलो चीक हिच्या पोटात."

"आणि पुढच्या खेपेला? देवाचं पण बंद?"

"आधी वासरू. देव थांबता."

कुंदा डबा वाजवत गेली. प्रेमाने नळीवरची नजर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी नेत्राने पुन्हा थेंब तपासला. रेघ चढली होती. हवी तिथपर्यंत नाही.

"वाचतला मा?"

"आत्ताच सांगता येत नाही. ताप, जुलाब, लक्ष ठेवावं लागेल. काही वाटलं तर लगेच फोन करा."

प्रेमा घरात गेली. आपलं अंथरूण उचलून आणलं आणि वासराशेजारी पसरलं.