तिसरा ठोका

मित्रांनो, काचेला बोटं लावू नका. काच पुसणारा दादा चिडतो आणि बोलणी मला खावी लागतात. नुसतं जवळ या. मी एक जुनी लाकडी हातोडी आहे. माझी मूठ काळी पडली आहे, डोकं एका बाजूने चेपलं आहे, आवाज मात्र अजून खणखणीत आहे.

एका सुताराने मला अक्रोडाच्या मुळातून घडवलं. मुळाचं लाकूड आडमुठं असतं. घडवताना त्याने मला यथेच्छ शिव्या घातल्या आणि शेवटी म्हणाला, "ही खिळे ठोकायची नाही, माणसं उठवायची आहे." खरंच होतं ते. आमची गल्ली ज्यू लोकांची. टोकाला त्यांचं प्रार्थनाघर, आणि त्याची देखभाल करणारा म्हातारा हा माझा धनी. सगळे त्याला 'कोंबडा' म्हणत. तांबडं फुटायच्या सुमारास तो मला घेऊन निघायचा आणि दारोदार ठोके मारून लोकांना प्रार्थनेसाठी उठवायचा.

दर दारावर तीन ठोके. ठक, ठक, ठक. बेकरीवाला आतून ओरडायचा, "अरे कोंबड्या, मी तुझ्याही आधी उठलोय!" शिंपी पांघरुणातूनच "उठलो, उठलो" म्हणायचा आणि कूस बदलायचा. दर शुक्रवारी धनीण मला तेल लावून पुसायची. तेव्हा माझा तोरा काय विचारता!

पण एक नियम होता. गल्लीतलं कोणी रात्री वारलं, तर त्या सकाळी प्रत्येक दारावर दोनच ठोके पडत. मयताची बातमी सांगायला कोणी घरोघर जायचं नाही. दोन ठोके पडले आणि तिसरा आला नाही, की घराघरात कळायचं. त्यामुळे दुसरा ठोका मारून धनी मला वर उचलायचा, तेव्हा अख्खी गल्ली श्वास धरून असायची. बेकरीवाल्याचे हात पिठात थांबायचे. शिंप्याची लहान मुलगी डोक्यावरून पांघरूण ओढून वाट बघायची. तिसरा पडला की ती खुदकन हसायची, आणि दाराच्या फळीतून ते मला ऐकू यायचं.

मग एकदा धनी मेणबत्त्या आणायला शेजारच्या गावी गेला. परत आला तेव्हा गल्लीत कोणीच नव्हतं. युद्ध चालू होतं, आणि ज्यूंना वेचून नेणाऱ्या सैनिकांनी सगळ्यांना गाड्यांत कोंबून नेलं होतं, धनिणीलासुद्धा. शिंप्याचं दार सताड उघडं होतं आणि मशीनच्या सुईखाली अर्धी शिवलेली बाही तशीच अडकली होती.

सकाळी त्याने मला हातात घेतलं. मला वाटलं, आता दोन. पण त्याने रिकाम्या घरांच्या दारांवर तीन-तीन ठोके मारले. उघड्या दारावरही तीन. शेजारच्या गल्लीतली धोबीण बघत होती.

"अहो, कोणाला उठवताय?" ती म्हणाली. "कोणी उरलं नाही."

"मेलेलं बघितलंस का कोणाला?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग दोन कसे मारू?" असं म्हणून तो पुढच्या दाराकडे वळला.

थोडे दिवस असंच चाललं. मग त्यालाही नेलं. त्याच्या हातातून मी गटाराच्या कडेला पडले. धोबिणीने मला कपड्यांच्या गाठोड्यात लपवून घरी नेलं आणि तळघरात खिळ्याला टांगलं.

मित्रांनो, आता जे सांगते ते तुम्हाला खोटं वाटेल. उजाडताना गल्लीत ठोके ऐकू येऊ लागले. दर दारावर तीन. मी तर खिळ्यावर होते, मुठीवर कोळ्याचं जाळं होतं. पण आवाज माझाच होता. आपलाच आवाज दुसरीकडून येताना ऐकणं फार वाईट.

रिकाम्या घरांत नवी माणसं राहायला आली. ती म्हणत, थंडीने लाकूड आकसतं, त्याचा आवाज आहे. शिंप्याच्या घरात आलेल्या न्हाव्याने जुनं दार काढून लोखंडी बसवलं. तरीही ठोके लाकडावर पडल्यासारखेच वाजत. हळूहळू सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलं. लोक त्या आवाजाने उठायचे, चहा टाकायचे आणि कामाला लागायचे. आपल्याला कोण उठवतं, हा विषय कोणी काढायचं नाही.

प्रार्थनाघराचं धान्याचं कोठार झालं आणि बऱ्याच वर्षांनी त्याचं संग्रहालय झालं. धोबिणीच्या नातीने तळघर आवरताना मला तिथे आणून दिलं. संग्रहालयाच्या बाई भल्या होत्या, पण त्यांना सांगणार कोण? त्यांनी माझ्याखाली चिठ्ठी लावली, 'मांस कुटण्याची मोगरी'. मी! जन्मात कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही मी!

एके दिवशी एक आजी आली. ती शिंप्याची मुलगी होती. गाड्या आल्या तेव्हा ती परगावी मावशीकडे होती, म्हणून वाचली. चिठ्ठी वाचून ती आधी खो खो हसली, मग बाकावर बसून रडली. तिने बाईंना सगळं सांगितलं. बाई अगदी ओशाळल्या.

"आजी, आपण गल्लीत एकदा ठोके मारू या," त्या म्हणाल्या. "लोकांना कळू दे तरी."

"किती मारायचे?" आजीने विचारलं.

बाई तिच्याशेजारी बाकावर बसल्या.

"माझ्या बाबांच्या नावाचा दिवा मी आजवर लावलेला नाही," आजी म्हणाली. "माणूस गेल्याचं नक्की कळल्याशिवाय आमच्यात दुखवटा धरत नाहीत. मला दोन ठोके कोणी ऐकवलेच नाहीत गं. अजून उजाडताना जाग येते आणि मी तिसऱ्याची वाट बघत पडून राहते. मी गेल्यावर बाबांचा दिवा कोण लावणार? गल्लीतल्या सगळ्या गेलेल्यांना असंच दोन ठोक्यांवाचून ताटकळत ठेवायचं का?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना आजी मला घेऊन आपल्या जुन्या घरापुढे उभी राहिली. ठक. ठक. मी वर उचलली गेले आणि थांबले. तिसरा ठोका माझ्या अंगात असा दाटून आला की माझं डोकं दाराकडे झुकायला लागलं. खरं सांगते, मला दारावर पडायचं होतं. आजीने दोन्ही हातांनी मला गच्च धरलं आणि छातीशी घेतलं.

आमच्या मागे, गल्लीभर, कितीतरी माणसांनी धरलेला श्वास सोडल्यासारखा आवाज झाला. बाईंनी गर्रकन वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

लोखंडी दार उघडलं. त्या न्हाव्याचा मुलगा, आता तोही पिकल्या केसांचा न्हावी, एका गालाला साबण लावलेला तसाच बाहेर आला.

"तिसरा कुठाय?" त्याने विचारलं.

"आता यायचा नाही," आजी म्हणाली.

तो दाराला टेकला. "मावशी, पाळण्यात होतो तेव्हापासून मी या ठोक्यांवर उठतोय. कोणासाठी होते हो ते?"

"या घरातल्यांसाठी. माझे बाबा शिंपी होते. लवकर उठायचा भारी कंटाळा त्यांना."

"नाव काय त्यांचं?"

आजीने नाव सांगितलं. न्हाव्याने ते पुटपुटून पाठ केलं, गालावरचा साबण पुसला आणि चपला घालून आमच्याबरोबर निघाला. प्रत्येक दारावर दोन ठोके पडले. प्रत्येक दार उघडलं, आणि प्रत्येक उंबऱ्यावर आजीने त्या घरातल्यांची नावं सांगितली. संध्याकाळी तिने बाबांच्या नावाचा दिवा लावला.

तेव्हापासून ठोके बंद झाले. पहिल्या सकाळी सगळी गल्ली झोपूनच राहिली. न्हाव्याच्या दाराशी गिऱ्हाइकं खोळंबली, मुलांची शाळा बुडाली.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू धूळ खात पडली असेल. तिची माहिती असणारं माणूस घरात असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि विचारा. सगळ्याच वस्तू माझ्यासारख्या तोंडाळ नसतात. माझ्या गल्लीला इतकी वर्षं, गेलेल्या माणसांसाठी पडणारे ठोके उठवत होते. आता ते थांबले आहेत. यापुढे आपलं आपल्यालाच उठायचं आहे.