कोऱ्या चौकटीतलं शेत

योगिनीच्या ऑफिसात येणारी माणसं साधारण दोन प्रकारची असत. एक, ज्यांना वेबसाइट करून हवी असते, आणि दुसरी, ज्यांना करून दिलेली वेबसाइट चालत नसते. मंगळवारी दुपारी कॅनडा कॉर्नर चौकातल्या त्या ऑफिसचा अरुंद जिना चढून आलेले बहिरूभाऊ आणि मालनबाई दुसऱ्या प्रकारातले निघाले. पण ते भांडायला आले नव्हते. भांडले असते तर योगिनीला बरं वाटलं असतं.

बहिरूभाऊ म्हणजे सुरगाण्याकडच्या एका पाड्याच्या वनहक्क समितीचे अध्यक्ष. पाड्यावरच्या सदतीस घरांनी आपापल्या डोंगरउताराच्या तुकड्यांवर दावे टाकले होते. वनहक्क कायद्याप्रमाणे, डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन आम्हीच कसतो, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. एका सरकारी खात्याकडे उपग्रहाने काढलेली त्या काळातली चित्रं होती आणि ती सगळ्यांना पाहायला खुली होती. योगिनीने त्यांच्यासाठी एक पान बनवलं होतं. दाव्याचा नंबर टाकला की शेताची हद्द लाल रेघेत दिसायची, खाली २००५ चं चित्र यायचं आणि वरची पट्टी सरकवली की त्याच जागेचं आजचं चित्र. कामाचे पैसे जेमतेम होते, पण आपण काहीतरी बरं काम करतोय या समाधानात ती सहा महिने तरंगत होती.

बहिरूभाऊंनी पिशवीतून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. मालनबाईंच्या दाव्यावरचा शेरा होता. 'सन २००५ च्या चित्रात लागवड दिसून येत नाही.'

"असं कसं?" योगिनी म्हणाली.

"ताई, दाव्याच्या सुनावणीला साहेबांच्या कम्प्युटरवर तुमचं पान उघडलं," बहिरूभाऊ म्हणाले. "लाल रेघ आली. आत नुसतं पांढरंफटक. साहेब म्हनले, इथं तर काहीच नाय. मंग तसंच लिवलं."

पडद्यावर काहीच नाही आणि शेतात काहीच नाही, या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे! कागदावर ते अंतर एका ओळीत मिटलं होतं.

योगिनीने घाईघाईने आपला लॅपटॉप उघडला. डोंगर, ओढे, पायवाटा, सगळं जागच्या जागी होतं. "हे बघा, इथं तर येतंय!" ती म्हणाली. असं म्हणणाऱ्या माणसाला पुढच्या पाच मिनिटांत तोंडावर पडावं लागतं, हा तिच्या धंद्यातला जुना अनुभव. बहिरूभाऊंनी आपला फोन पुढे केला. त्यावर तेच पान होतं, तीच लाल रेघ होती आणि आत पांढरी चौकट.

मग तिला आठवलं.

काम सुरू करताना, आठ महिन्यांपूर्वी, तिने स्वतःच्या ब्राउझरला एक एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम, लावलं होतं. ब्राउझरचा एक नियम असतो. पान एका सर्व्हरचं असेल, आणि दुसऱ्या सर्व्हरचं चित्र त्याला नुसतं दाखवायचं नसून हाताळायचं असेल, तर चित्र देणाऱ्याने सोबत परवानगीची चिठ्ठी जोडायला हवी. चिठ्ठी नसेल तर ब्राउझर ते चित्र पानाच्या हाती लागू देत नाही. काम करताना ही कटकट नको, म्हणून योगिनीने ते एक्स्टेन्शन लावून नियमच बंद करून टाकला. पुढे काढू म्हणाली आणि विसरली. खात्याचा सर्व्हर चित्रं देत होता, चिठ्ठी देत नव्हता. जगातल्या सगळ्या कम्प्युटरांवर पान कोरं होतं, फक्त तिच्या एकटीच्या लॅपटॉपवर ते सुरेख दिसत होतं. आणि पाड्यावरही तिने ते त्याच लॅपटॉपवर उघडून दाखवलं होतं.

तिने हे सगळं शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. मालनबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. साठीच्या पुढची, काटक बाई. खुर्चीच्या टोकावर अशा टेकल्या होत्या, की कुणी ऊठ म्हणायच्या आत उठता यावं.

"म्हंजे चित्र येतंय, पन दारातून माघारी जातंय," त्या म्हणाल्या.

"हो मावशी."

"आन् तुमच्या घराचं दार उघडंच व्हतं. म्हून तुमाला कळलं नाय."

योगिनीला लाज वाटली. ज्या गोष्टीवर लोक लांबलचक लेख लिहितात, ती या बाईने दोन वाक्यांत उरकली होती. तिची चूक कुठे झाली, तेही त्यात आलं होतं.

"चूक माझीच आहे, मावशी. पुढची तारीख कधी आहे?"

"परवा. गुरुवारी अकराला," बहिरूभाऊ म्हणाले. "पुन्हा ऐकून घेतो म्हनलेत. पन हे शेवटचं. त्यात नाय झालं तर फाइल बंद."

फाइल बंद झाली तर मालनबाईंचा दीड एकर जाणार होता. वरच्या अंगाला नागली, म्हणजे नाचणी, खाली ओढ्याच्या कडेला भात. तेवढ्यावर त्या वर्षभर पाड्यावर राहू शकत होत्या. नाहीतर दिवाळीनंतर जीपच्या टपावर बोचकं टाकून द्राक्षाच्या बागांवर मजुरीला जायचं. या वयात.

ती दोघं दिंडोरी नाक्यावरून जीप धरायला निघाली. जाताना मालनबाईंनी टेबलावर नागलीच्या पापडांची पुडी ठेवली. योगिनीला ती घेववेना आणि परत देववेना.

तिने खात्याला फोन लावला. तीन टेबलं फिरून तो प्रतिभा मॅडम नावाच्या बाईंकडे पोचला, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना प्रश्न कळला.

"आमच्या सर्व्हरवर तुमच्या पत्त्याला परवानगी द्यायला हवी, बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी पत्र लागेल, मग मंजुरी, मग एजन्सीचा माणूस. पंधरा दिवस धरा."

"मॅडम, परवा सुनावणी आहे."

मॅडमनी लगेच दुसरी वाट सांगितली. "मग तुमच्याच सर्व्हरने आमच्याकडून चित्र घ्यावं आणि तुमच्या पानाला द्यावं. ब्राउझरला काय, घरचंच वाटेल. चित्रं खुलीच आहेत. मला मेल करा, मी लेखी 'हरकत नाही' देते. फक्त चित्रात काही बदलू नका आणि खाली आमचं नाव ठेवा."

योगिनीने मेल केला आणि तासाभरात उत्तर आलं. सरकारी खात्यातून तासाभरात उत्तर आलेलं तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून तिने ते दोनदा वाचलं.

बुधवारी दुपारपर्यंत मधला सर्व्हर उभा राहिला. आता मात्र ती स्वतःच्या लॅपटॉपवर विश्वास ठेवायला तयार नव्हती. एक्स्टेन्शन काढून टाकलं तरी नाही. ती जिना उतरून खालच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. झुंबरशेठच्या कम्प्युटरवर लग्नपत्रिकांपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं उघडायचं, आणि त्याच्याइतका मंद, धुळकट आणि म्हणूनच भरवशाचा कम्प्युटर कॉलेज रोडपर्यंत कुठे नव्हता.

"शेठ, दोन मिनिटं द्या."

"तुमची दोन मिनिटं माहितीयेत मला," झुंबरशेठ म्हणाले आणि उठले.

तिने मालनबाईंच्या दाव्याचा नंबर टाकला. लाल रेघ आली. मग एकेक तुकडा करत चित्र भरू लागलं, आणि पांढऱ्या चौकटीत तपकिरी डोंगरउतार उभा राहिला. योगिनीने टाळी वाजवली. झेरॉक्सला आलेल्या दोन मुलींनी वळून पाहिलं.

तिने चित्र मोठं केलं आणि तिचा चेहरा उतरला. चित्र सोळा मे २००५ चं होतं. भर उन्हाळा, हिरवं पान नाही. आणि लाल रेघेच्या आत, ओढ्याच्या वळणाजवळ, एक काळा ठिपका होता. चौकोनी, कडा ठळक, आत काहीच दिसत नाही असा.

दोन दिवस ती न आलेल्या चित्रांच्याच मागे होती, त्यामुळे तिला जिथेतिथे तेच दिसत होतं. एवढा तुकडा नीट आलेला नाही, असं तिच्या मनाने घेतलं. तिने साठवलेली चित्रं पुसून पुन्हा मागवली. मधल्या सर्व्हरची नोंद तपासली. आजच्या चित्रावर पट्टी सरकवून पाहिली. ते डिसेंबरचं होतं आणि त्यात ठिपका नव्हता. म्हणजे दोष जुन्या चित्रातच, असं तिने ठरवलं. अख्खी दुपार त्या ठिपक्यापायी गेली. शेजारचे रंग ओढून तो बुजवून टाकता आला असता, पाच मिनिटांचं काम होतं. पण प्रतिभा मॅडमना दिलेला शब्द आठवून तिने हात आवरला.

गुरुवारी अकराच्या सुनावणीला साडेबारा वाजले. साहेबांनी कम्प्युटर सुरू केला. योगिनी मागे उभी होती. पान उघडलं, रेघ आली, चित्र भरलं. बहिरूभाऊंनी तिच्याकडे पाहून मान हलवली.

"मागच्या वेळी पान कोरं दिसलं, ती चूक माझी होती, सर," योगिनी म्हणाली. "ते माझ्या नावावर लिहून घ्या, मालनबाईंच्या नाही. तिथे लागवड नव्हती असा त्याचा अर्थ नव्हता."

"ठीक आहे. पण आता चित्र आलंय, तरी पीक कुठे दिसतंय?"

"चित्र मे महिन्यातलं आहे, सर. आणि," इथे तिचा प्रामाणिकपणा जरा जास्तच झाला, "तो काळा ठिपका दिसतोय तो चित्रातला दोष आहे. मी खूप प्रयत्न केला, पण जात नाही."

साहेबांनी चष्मा वर केला. "म्हणजे चित्र सदोष आहे. मग मी हे पुरावा म्हणून कसं धरू?"

आपण बरं करायला गेलो आणि भलतंच होऊन बसलं, हे योगिनीला उभ्या जागी कळलं. तेवढ्यात मालनबाई खुर्चीवरून उठल्या, कुणालाही न विचारता टेबलाला वळसा घालून आल्या आणि पडद्याशी वाकल्या.

"दोष कुठला? हा राब हाय."

"काय?"

"राब, साहेब. पालापाचोळा, शेण, काटक्या हातरायच्या आन् तेवढी जमीन भाजून काढायची. मंग पाऊस पडला की तिच्यात रोपं टाकायची. भाजल्याबिगर रोप धरतं व्हय? आमची आखाजी, तुमची अक्षय्य तृतीया, झाली, आन् चार दिसांनी भाजला व्हता. त्येच हे."

योगिनी त्या ठिपक्याकडे पाहत राहिली. चौकोनी, कडा ठळक. माणसाने आखून केलेला असल्याशिवाय कुठला डाग असा चौकोनी असतो?

साहेब सरळ बसले. "आजी, रानात आग कुणीही लावतं. हा राबच, आणि तुमचाच, कशावरून?"

"आग कुठंबी लागंल. राब जागा सोडत नाय," मालनबाई म्हणाल्या. "पान्याच्या कडेला, बांधाच्या खाली. मी आजून तिथंच भाजते." मग त्या योगिनीकडे वळल्या. "पोरी, तुझ्या त्या पट्टीत मागल्या उन्हाळ्याचं चित्र हाय का?"

पट्टीत नव्हतं, पण खात्याकडे होतं. योगिनीने साहेबांकडे पाहिलं. त्यांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिने मधल्या सर्व्हरला सांगायच्या पत्त्यातली फक्त तारीख बदलली. एकदा महिना चुकला. मग चौकट पांढरी झाली आणि पांढरीच राहिली. पहिला तुकडा आला, दुसरा आला, वरचा डोंगर आला. ओढ्याचं वळण सगळ्यात शेवटी आलं.

आणि वळणाजवळ तोच काळा चौकोन.

साहेबांनी स्वतः पट्टी धरली. ती डावीकडे नेली की २००५, उजवीकडे नेली की गेला मे. मधली सगळी वर्षं एका बोटाच्या अंतरात आली होती. डोंगरावरची झाडं कमी झाली, पायवाट रुंद झाली, एक नवं घर आलं. राब तसूभर हलला नव्हता. साहेबांनी तीनदा पट्टी इकडून तिकडे नेली. मग फाइल ओढली, आधीच्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि नवा शेरा लिहायला घेतला. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "राब लिहिताना शेवटी 'ब'च ना?"

"हो सर," योगिनी म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"ताई, आता असलं काही दिसलं की आधी आमाला इचारा," बहिरूभाऊ तिला हळूच म्हणाले. पाड्यावरच्या बाकीच्या छत्तीस दाव्यांची चित्रंही मेमधलीच होती. त्यातल्या प्रत्येकात एकेक काळा चौकोन शोधायचा, हे दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी आलं होतं.

मालनबाई मात्र पडद्यापासून हलल्या नव्हत्या. "त्ये जुनं पुन्हा लाव," त्या म्हणाल्या.

योगिनीने पट्टी डावीकडे नेली.

"ह्यो राब मी नाय भाजलेला. आमच्या मालकानं, गोटीरामनं. म्या पाला वाह्यला, त्यानं भाजला." त्यांनी काचेवर बोट ठेवलं, मग साहेबांकडे बघून घाईने काढून घेतलं. "श्रावनात गेला तो. ह्याचं पीक काय त्यानं पाह्यलं नाय."

काल अख्खी दुपार आपण काय पुसायला बसलो होतो, हे योगिनीच्या ध्यानात आलं. तिने मालनबाईंचा हात धरला.

"घरी, बहिरूच्या फोनवर दिसंल का हे? का इथंच?"

"दिसेल, मावशी," योगिनी म्हणाली. "आता कुणाच्याही फोनवर दिसेल."