मिल्टनने बांधलेली नळी

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याविषयी व्हर्ना स्कोगलंडचं मत एका शब्दात सांगता आलं असतं, पण चर्चमधल्या बायकांसमोर तो शब्द उच्चारण्यासारखा नव्हता. एकतीस वर्षं तिने जिल्ह्यातल्या शाळांच्या बस दुरुस्त केल्या होत्या. मिनेसोटाच्या थंडीत गारठून मेलेली इंजिनं जागी केली होती. बहिणीचा नवरा मिल्टन विमा विकायचा. तरी बॉनेट उघडलं की शहाणपण शिकवायला पुढे तोच.

मागच्या वसंतात तो म्हणाला होता, "बसचं इंजिन वेगळं, गाडीचं वेगळं. तुला नाही कळायचं." त्या दिवसापासून व्हर्नाने त्यांच्या गाडीकडे बघणंच सोडलं. मर म्हणावं!

गाडी होती पस्तीस वर्षांची. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला जायला व्हर्नाची बहीण आर्डिस तीच वापरायची. थंडी सुरू झाली तशी गाडी सुरू व्हायला कुरकुर करू लागली, आणि सिग्नलला थांबली की बंद पडू लागली. ब्रेकचं पेडलही दिवसेंदिवस घट्ट होत गेलं. मिल्टनने बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, ब्रेकचे पॅड बदलले. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. एवढं करूनही काही फरक पडेना, तेव्हा त्याने निदान केलं की आर्डिसला गाडीच चालवता येत नाही.

मंगळवारी सकाळी आर्डिस मिल स्ट्रीटचा उतार उतरत होती. खाली 'थांबा' अशी पाटी होती. तिने पाय दाबला. दगडावर दाबावा तसं झालं. दोन्ही पाय रोवून ती जवळजवळ उभी राहिली, तरी गाडी पाटी ओलांडून, हमरस्ता कापून समोरच्या बर्फाच्या ढिगात घुसली. लाकडं भरलेला ट्रक नुकताच तिथून गेला होता. कपाळाला टेंगूळ आलं, तेवढ्यावर निभावलं.

दुपारी गाडी ओढून घरी आणली, आणि आर्डिसने बहिणीला फोन केला.

व्हर्ना आली ती हातमोजे घालूनच. मिल्टन अंगणात कॉफीचा मग धरून उभा होता.

"रस्ता निसरडा होता," तो म्हणाला. "आणि हिचा पाय हलका."

"तुझं डोकं त्याहून हलकं," व्हर्ना म्हणाली. "किल्ली दे."

तिने किल्ली फिरवली. इंजिन दमदार फिरलं, पण पकडेना.

"बॅटरीला काय झालंय? स्टार्टरला काय झालंय? दोन्ही ठणठणीत. जुने कुठे फेकलेस?"

मिल्टन मगात बघत राहिला.

बऱ्याच प्रयत्नांनी इंजिन सुरू झालं आणि दम्याच्या रोग्यासारखं धापा टाकू लागलं. व्हर्नाने बॉनेट उघडून कान लावला. कुठूनतरी फुसफुस ऐकू येत होती. इंजिनातून ब्रेकच्या डब्याकडे एक जाड रबरी नळी जाते. इंजिन त्या नळीतून हवा ओढतं, म्हणून पेडल बाईमाणसाच्या पायालाही हलकं लागतं. व्हर्नाने पक्कड घेऊन नळी इंजिनाजवळच चिमटली. धाप तत्क्षणी थांबली. इंजिन शहाण्या मांजरासारखं गुरगुरू लागलं.

"एकच रोग," ती म्हणाली. "इथून फुकटची हवा आत शिरते, म्हणून सुरू व्हायला त्रास. आणि ब्रेकला ओढ मिळत नाही, म्हणून पेडल दगड."

इंजिन बंद करून तिने नळी काढली. खालच्या बाजूला लांब चीर होती, आणि चिरेवर काळ्या टेपचे वेढे. थंडीने टेप कडक होऊन सुटली होती.

"हे कुणी बांधलं?"

"उन्हाळ्यात प्लग बदलताना पाना लागला," मिल्टन हळूच म्हणाला. "साधी हवेची नळी वाटली. त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

"म्हणजे फोडलीस तूही, झाकलीस तूही, आणि नाव बायकोच्या पायाचं! विमा विक रे बाबा तू. तेवढंच कर." व्हर्नाला बोलताना एक प्रकारचं सुखच वाटत होतं. आठ महिने साठवलेलं होतं. "उंटावरचा शहाणा परवडला, तो निदान खाली तरी पडतो."

"झालं तुझं?" आर्डिस म्हणाली.

ती पायरीवर उभी होती, कपाळावर बर्फाची पिशवी धरून.

"गाडी बंद पडते हे तुला नाताळात सांगितलं होतं मी. तू काय म्हणालीस? 'तुझ्या इंजिनियरला विचार.' आणि हसलीस. याला तुला विचारायची लाज, आणि याने विचारल्याशिवाय हात न लावायचा तुला माज. ढिगात कोण गेलं? मी."

व्हर्नाने मिल्टनकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता, आणि त्याच्यासोबत एकाच रांगेत उभं राहायला लागलं याचाच तिला जास्त संताप आला.

ती गावात जाऊन नवी नळी घेऊन आली आणि बसवून दिली. मग बाजूला सरकून आर्डिसला म्हणाली, "बस आत. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाचदा दाब. आता पाय तसाच दाबून धर आणि सुरू कर."

इंजिन पहिल्याच फेरीला पकडलं. आर्डिसच्या पायाखाली पेडल मऊसूत खाली गेलं.

"असं खाली गेलं की बरोबर. नाही गेलं तर जागची हलवू नकोस. आधी मला फोन कर."

"तू उचलशील?"

"उचलीन," व्हर्ना म्हणाली.

"मी सांगतच होतो, हवेचंच काहीतरी आहे," मिल्टन मागून म्हणाला.

दोघी बहिणींनी एकदमच मान वळवली. मिल्टन कॉफीचा मग घेऊन घरात गेला.