धागे तोडणारा दात

मित्रांनो, मी एक जुना दात आहे आणि मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही. हसू नका, खरंच सांगतो. कुंकवाच्या रिकाम्या डबीत माझे दोन तुकडे पडून आहेत.

माझी मालकीण अनुसया. खानदेशातून नवऱ्याबरोबर सुरतेला आली, तिथल्या भेस्तान वस्तीत राहू लागली आणि घरबसल्या साड्यांवर टिकल्या लावू लागली. एका हातात सुई, दुसऱ्यात साडी. कातरी घ्यायची तर सुई खाली ठेवावी लागे, म्हणून प्रत्येक धागा ती माझ्याखाली धरून तोडी. तिच्याइतकं झरझर काम गल्लीत कोणाचं नव्हतं. शेजारच्या इंदुबाई म्हणत, हिच्या दातापुढे कातरी काय करील. मी फुगून गेलो होतो.

एक्क्याण्णव साली माझा टवका उडाला आणि कळ थेट नसेपर्यंत गेली. तेव्हा आत जे घडलं ते बाहेर कोणालाच दिसलं नाही. माझ्या गाभ्यातल्या पेशी कामाला लागल्या. त्यांच्या मदतीला रक्तातून फिरणाऱ्या काही मूळपेशीही आल्या, थेट हाडांच्या आतल्या मज्जेतून. ना ओळख, ना बोलावणं. सगळ्यांनी मिळून जखमेच्या आतल्या बाजूने नवा थर चढवायला घेतला. त्यांना थोडे दिवस उसंत हवी होती. ती कळ म्हणजे त्यांचाच निरोप होता, की आता थांब.

अनुसयाने भाजलेल्या तंबाखूची मिसरी लावली. कळ बधिर झाली. लग्नसराईच्या साड्यांची गाठोडी घरात पडली होती. तिने पुन्हा धागा माझ्याखाली धरला. मी कुरकुर करू शकलो असतो, पण मला इंदुबाईंचं कौतुक पुन्हा ऐकायचं होतं. मी गप्प राहून धागे तोडत गेलो. आतला कोवळा थर तडकला, पू झाला, अनुसयाचा ओठ सुजला.

दाताच्या डॉक्टरांनी मला उपटलं तेव्हा माझे दोन तुकडे झाले. भिंगातून पाहून ते हळूच म्हणाले, "बेन, ये तो अंदर से भर रहा था." म्हणजे माझी जखम आतून भरून येत होती.

अनुसयाचं वय तेव्हा अवघं सव्वीस. त्या दिवसापासून ती पदर तोंडाला लावून हसते. इंदुबाई मला कच्चा म्हणाल्या, तेव्हा तीच म्हणाली, "मना दात चांगला व्हता. मीच त्याले विसावा दिधा नही."

तिला माझी लबाडी ठाऊकच नव्हती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मित्रांनो, तुमचं काही दुखलं तर दडवू नका, थांबा. आत कोणीतरी लांबून येऊन तुमच्यासाठी राबत असतं. मी त्यांना साधी ओळखसुद्धा दिली नाही.