वेशीखालचा दिवा

आर्जियाने वेशीतल्या कोनाड्यातून मरियामातेचा दिवा खाली घेतला, काजळलेली वात चिमटीने ओढून काढली आणि बोटं एप्रनला पुसली. तेल यंदाच्या ऑलिव्हचं होतं. घरच्या पावाला तिने अजून ते लावलं नव्हतं. आधी मातेला, मग आपल्याला, हा तिचा नेम. नवी वात पेटली तशी तिने छातीवर क्रुसाची खूण केली आणि दिवा जागेवर ठेवला.

मृतांच्या स्मरणाचा दिवस मावळत होता. दरवर्षी या वेळी सेत्तिमिया दिवा आणि पाण्याचा वाडगा घेऊन वेशीखालच्या आपल्या तळघरात उतरायची. गावातली तळघरं म्हणजे ख्रिस्ताच्याही आधी इथे राहिलेल्या एट्रुस्कन लोकांची थडगीच. त्यांच्या दगडी बिछान्यांवर वाइनची पिंपं ठेवायची, यात कुणाला काही वाटत नसे. पण तिथे दिवा लावणारी सेत्तिमिया एकटीच. मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर आर्जियाने फादरांच्या कानावर हळूच घातलं होतं, की ही बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी दिवा लावते. फादरांनी सेत्तिमियाला बोलावून ते बंद करायला लावलं. आपण धर्माचंच काम केलं, असं आर्जिया तेव्हापासून स्वतःला सांगत होती.

सेत्तिमिया आली ती काठी टेकत, दुसरा हात रिकामा.

"गुडघा आज ऐकत नाही गं. तळघराचं दार लागलंय का, तेवढं बघून ये. कुत्री शिरतात. तुझ्या पुण्यात तेवढीच भर."

दार उघडंच होतं. कुत्रं आत असेल म्हणून आर्जियाने काडी ओढली. एका दगडी बिछान्यावर पिंप होतं. दुसऱ्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं. फक्त दगडातच कोरलेल्या उशीवर लोकरीचं एक इवलंसं टोपडं. पिवळं पडलेलं, पण धुतलेलं. त्याच्या फितीला इस्त्री केलेली होती.

काडी बोटाला चटका देऊन विझली.

कित्येक वर्षांपूर्वी सेत्तिमियाचं एकुलतं बाळ जन्मल्यावर रडलंच नव्हतं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्याला दफनभूमीत जागा नाही, म्हणून तिचा नवरा त्याला पावाच्या टोपलीत घेऊन संध्याकाळी घरून निघाला. कुठे नेलं, ते कुणी विचारलं नाही. आर्जिया तेव्हा कोनाड्यापाशीच होती. टोपली जवळून गेली, तेव्हा तिने दिव्याकडे तोंड फिरवलं होतं.

ती वर आली.

"लागलंय?" सेत्तिमियाने विचारलं.

आर्जियाने मान वर केली नाही. "मला कधी सांगितलं नाहीस."

"फादरांनाही नाही सांगितलं. आता तूच सांग. तुला नीट सांगता येतं."

आवाजात राग नव्हता. असता तर आर्जियाला बरं वाटलं असतं. तिने कोनाड्यात हात घालून पेटता दिवा उचलला. तेल मनगटावरून ओघळलं. समोर फादरांची खिडकी उघडी होती. तिने दिवा आडोशाला धरला नाही.

"पायऱ्या ओल्या आहेत," ती म्हणाली. "दिवा तू धर. मी तुला धरते."