पुण्याला न पोचलेली चित्रं

मित्रांनो, कपाटाच्या डोक्यावर जुन्या वर्तमानपत्रांशेजारी जो पांढरा, दोन शिंगांचा डबा पडला आहे, तो मी. मी एक जुना राउटर आहे. इंटरनेटची वायर उंबरठ्यापर्यंत यायची आणि तिच्यातून येणारं-जाणारं सगळं मी ज्याचं त्याला पोचवायचो. आता माझ्यात वायर नाही, अंगावरचे हिरवे दिवेही विझलेत. पण मला सगळं आठवतं, आणि त्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

कारखान्यात जन्मताच मला एक विद्या शिकवली गेली, पत्ते वाचण्याची. पोस्टमनला घराचा पत्ता लागतो, तसा इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. मला शिकवलेला पत्ता सोपा होता. चार लहान संख्या आणि मध्ये टिंबं. असे पत्ते साऱ्या जगात चारशे कोटींच्या आसपासच होऊ शकतात. बनवणाऱ्यांना वाटलं, एवढे पुष्कळ झाले. पण माणसांनी फोन जोडले, टीव्ही जोडले, कॅमेरे जोडले, आणि पत्ते संपत आले. मग जाणत्या लोकांनी नवे, लांबलचक पत्ते काढले. त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी जग अजून मुंगीच्या पावलांनी तिकडे सरकतंय. कारण घरोघरी माझ्यासारखे जुने डबे चालूच असतात, आणि चालणारी वस्तू कोण बदलतो? ते नवे पत्ते वाचायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी रुपेशने मला त्याच्या गावी, नाचणगावला आणलं. घरात त्याची आई एकटी. तानाबाई थूल, अंगणवाडीत मदतनीस म्हणून आयुष्य घालवलेल्या. रुपेशची नोकरी पुण्याला. आईला बटणांच्या फोनपलीकडे काही जमत नव्हतं, म्हणून त्याने बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक कॅमेरा लावला आणि त्याची वायर माझ्यात खोचली. त्या कॅमेऱ्याला कान नव्हते, फक्त डोळा होता. पुण्यात रुपेश फोन उघडायचा, माझ्या पत्त्यावर यायचा आणि मी त्याला त्याची आई दाखवायचो.

ते माझे सोन्याचे दिवस होते. तानाबाई सकाळचा चहा झाला की कॅमेऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायच्या. परसातली वांगी दाखवायच्या, नवं लुगडं दाखवायच्या. संध्याकाळी रुपेशचा फोन यायचा, "आई, वांगे मोठे झाले न!" आणि त्यांचं तोंड फुलायचं. शेजारच्या शोभाबाईंना त्या सांगायच्या, "याच्यातूनच माहा पोरगा मले रोज पाह्यते." मग पदराने माझी धूळ पुसायच्या. इतका मान मित्रांनो, कुठल्या डब्याला मिळतो?

मागच्या वर्षी जानेवारीत एक दिवस पुण्याची हाक बंद झाली. चित्रं माझ्यापर्यंत येत होती, पण न्यायला कुणी येत नव्हतं. वायरवाला हेमराज आला, त्याने मला तपासलं आणि तिथूनच रुपेशला फोन लावला.

"भाऊ, जुने पत्ते संपले. आता कंपनी शंभर घरं मिळून एकच पत्ता देऊन राह्यली. बाहेरून तुमचं घर सापडतच नाई. नवीन पत्ता भेटते, पण हा डबा तो घेत नाई. डबा बदला."

तानाबाई तेव्हा परसात होत्या. रुपेश म्हणाला, "मी आलो का बदलतो." पण मयुरीला, त्याच्या बायकोला, सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला उठूही नको सांगितलं होतं. त्याचं येणं लांबत गेलं.

त्या संध्याकाळी तानाबाईंनी फोनवर विचारलं, "दिसतो न रे मी?"

रुपेश म्हणाला, "दिसतेस न, आई."

आईचा विरंगुळा तुटू नये म्हणूनच तो तसं बोलला. त्याच्या मनात पाप नव्हतं.

फेब्रुवारीत तानाबाईंच्या टाचेला काटा लागला. त्यांना साखरेचा आजार होता, पाय बधिर झालेला. दुखलंच नाही. जखम चिघळली तेव्हा त्यांनी खुर्ची कॅमेऱ्याजवळ ओढली आणि पाय उचलून धरला. फोनवर त्या हे बोलल्या नाहीत. "पोटुशी पोरगी बाजूले असते, आयकंन तं घाबरंन," असं त्या शोभाबाईंना म्हणाल्या. "रुपेश पाह्यते. जास्त असतं तं तोच म्हणला असता."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय दाखवला. तिसऱ्या दिवशीही. आधी टाच लाल होती, मग जांभळी झाली, मग कडा काळ्या पडल्या. ती सगळी चित्रं माझ्या दाराशी येऊन थांबली. ती मी पाहत होतो, मित्रांनो. फक्त मीच.

अठ्ठाविसाव्या दिवशी तानाबाईंना ताप चढला. शोभाबाईंनी पायावरचं फडकं सोडलं आणि तिथल्या तिथे रुपेशला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात उभा होता. त्याने पाय पाहिला.

"आई, काऊन नाई सांगतलं मले?"

"दाखवलं न तुले. रोज दाखवलं. तू काहीच बोलला नाई, मंग मले वाटलं साधंच आहे."

रुपेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आई, जानेवारीपासून मले काहीच दिसत नोतं. मी खोटं बोललो."

तानाबाईंनी भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मंग मी कोणासमोर बसत होती रे?"

मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं, माझ्यासमोर, बाई. पण तेवढ्यात त्यांना दवाखान्यात न्यायला गाडी आली. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पाय वाचला नाही. गुडघ्याखालून काढावा लागला.

त्या परत यायच्या आत रुपेशने हेमराजला बोलावून नवा राउटर बसवला होता. मला कपाटावर ठेवलं. नवा डबा हुशार आहे, लांबलचक पत्ते घडाघडा वाचतो. चित्र आता लख्ख पुण्याला पोचतं. चित्रात एक रिकामी खुर्ची असते. तानाबाई स्वयंपाकघरात बसतात.

रुपेश त्यांना पुण्याला घेऊन जायला निघाला होता. त्या नाही म्हणाल्या. रागावल्या मात्र नाहीत. नुकत्याच जन्मलेल्या नातीच्या बाळुत्यांसाठी जुनी लुगडी फाडून त्यांनीच त्याच्या पिशवीत भरली. आता तो रोज फोनवर विनवतो, "आई, जरा समोर येऊन बस न."

काल त्यांचं उत्तर मी ऐकलं. "फोनवरच बोलजो बापा. दिसलं तं दिसलं म्हनजो, नाई दिसलं तं नाई म्हनजो. मले तेवढं पुरते."

मित्रांनो, मी मोडलो नव्हतो, मागे पडलो होतो, आणि मागे पडलेली वस्तू आवाज करत नाही. घरातल्या अशा वस्तूकडे वेळेवर पाहा, ती उद्यावर टाकू नका. आणि लांब राहणाऱ्या तुमच्या माणसाने कधी विचारलं, मी दिसते का, तर खरं तेच सांगा. ते माणूस तुमच्या त्या एका शब्दावर विसंबून बसलेलं असतं.